२२ नंबरची बस

काही वर्षांपूर्वी मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला भाच्याकडे राहायला गेले होते. त्याची गाडी दुरुस्तीला टाकलेली होती आणि त्याला पहाटेच पालो आल्टोला पोचायचं होतं. विमानप्रवासाने माझी झोप उडालेलीच होती, म्हणून सोबत निघाले. एल कमिनो रिआल नावाच्या हमरस्त्यावर थांब्याशी उभे राहिलो, तेव्हा चार वाजले असतील. इतक्या पहाटे बस मोकळी मिळेल अशी माझी समजूत. चढले तर पार मागपर्यंत माणसंच माणसं. मी काही बोलायला तोंड उघडलं, तशी भाच्याने कोपर धरून मला थांबवलं. "मावशी, हळू बोल. झोपलेत सगळे."

खरंच झोपले होते. कुणी काचेला डोकं टेकून, कुणी पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ ठेवून. एकाने बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून घेतला होता. बूट कुणीच काढले नव्हते. साठीच्या पुढची एक बाई मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्याच झोपली होती. उशीला स्वच्छ अभ्रा होता. तिच्या पलीकडच्या दांडीला हँगरवर एक इस्त्रीचा शर्ट लटकत होता, वरून लाँड्रीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. त्या शर्टाचा मालक थोड्या वेळाने कुठेतरी कामावर हजर होणार होता.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने दिवे लावले आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. माणसं उतरली, थंडीत रांग धरून उभी राहिली आणि काही मिनिटांनी उलट दिशेने निघालेल्या बसमध्ये पुन्हा चढली. सॅन होजे ते पालो आल्टो अशी दीड-दोन तासांची एक खेप. रात्रभरात तीन-चार खेपा केल्या की उजाडतं. त्या भागात चोवीस तास धावणारी ही एकच बस होती, ती २२ नंबरची. लोक तिला 'हॉटेल २२' म्हणत. एलिझाबेथ लो हिने २०१४मध्ये याच नावाचा एक लघुपट केला आहे. ही बस ज्या पट्ट्यातून धावते ती सिलिकन व्हॅली. इंटेल, गूगल, स्टॅनफर्ड सगळं तिथून हाकेच्या अंतरावर. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं इथेच नोकरीला आहेत, त्यामुळे हा रस्ता अनेक मराठी आई-वडिलांच्याही पायाखालचा आहे.

"एवढा श्रीमंत देश, तरी इतकी माणसं उघड्यावर?" मी भाच्याला विचारलं होतं. पुढे या विषयावर वाचत गेले, तसा त्या प्रश्नातला 'तरी' मला खटकायला लागला.

आधी आकड्यांकडे बघू. अमेरिकेत बेघरांची देशभर मोजणी होते ती जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या एका रात्री. हजारो स्वयंसेवक टॉर्च आणि मोबाइल घेऊन पुलांखाली, नदीकाठी, पार्किंगच्या जागांत, गल्लीबोळांत फिरतात. निवारागृहांमधल्या माणसांची संख्या तिथल्या नोंदींवरून घेतात. जानेवारी २०२४मध्ये हा आकडा ७,७१,४८० निघाला. २००७पासून अशी मोजणी सुरू झाली, त्यातला हा तोवरचा सर्वांत मोठा. आदल्या वर्षीपेक्षा तब्बल १८ टक्क्यांनी जास्त. या वाढीतला काही भाग त्या वर्षापुरता होता. आश्रय मागायला आलेली हजारो कुटुंबं न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हरच्या निवारागृहांत होती, आणि हवाईतल्या माउई बेटावर ऑगस्ट २०२३मध्ये लागलेल्या वणव्याने लहाइना हे गावच जळून गेलं होतं. पण तो भाग वजा केला तरी चित्र सौम्य होत नाही. त्या एका रात्री पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं कुठल्याही छपराखाली नव्हती. ती तंबूत, गाडीत, फुटपाथवर होती. एकूण आकड्यात जवळजवळ दीड लाख मुलं होती.

आणि हा आकडा कमीत कमीचा. भावाच्या घरी सोफ्यावर झोपणारा, मैत्रिणीकडे पोरांना घेऊन आठ दिवस काढणारी, स्वतःच्या खिशातून पैसे भरून आठवड्याच्या बोलीवर मोटेलात राहणारं कुटुंब, यांपैकी कुणीच या मोजणीत येत नाही. शाळा मात्र त्यांना मोजतात. १९८७च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याने बेघर मुलाला शाळेत राहण्याचा हक्क दिला आहे, आणि नाइलाजाने दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारं मूलही त्या हिशेबात बेघर धरलं जातं. शाळांच्या नोंदींत अशी मुलं अलीकडे वर्षाला बारा लाखांहून अधिक भरतात. एका रात्रीचा आकडा आणि वर्षभराचा आकडा यांची सरळ तुलना करता येत नाही हे खरं. तरी रस्त्यावर दिसणाऱ्या तंबूंमागे न दिसणारं केवढं मोठं जग आहे, याचा त्यातून अंदाज येतो.

आता मला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट. गरिबीच्या बाबतीत अमेरिकेत मिसिसिपी हे राज्य वर्षानुवर्षं अगदी वरच्या क्रमांकांत आहे. मग सर्वांत जास्त बेघर तिथे असायला हवेत. प्रत्यक्षात २०२४च्या मोजणीत तिथे दर दहा हजार माणसांमागे चारपेक्षाही कमी बेघर निघाले. देशातलं हे सर्वांत कमी प्रमाण. कॅलिफोर्नियात तेच प्रमाण ४८च्या आसपास. देशातल्या बेघरांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश, म्हणजे १,८७,०००हून अधिक माणसं त्या एका राज्यात होती. व्यसनाचं म्हणाल, तर अमली पदार्थांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कित्येक वर्षं वेस्ट व्हर्जिनियात सर्वांत जास्त होतं, पण तिथे बेघर थोडे. डेट्रॉइटसारखं कारखाने बुडालेलं शहर गरीब आहे, पण तंबूंच्या रांगा आहेत सिअॅटलला आणि सॅन फ्रान्सिस्कोला, जिथे पगार फुगलेले आहेत. ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन ऑल्डर्न या दोघांनी शहराशहरांची आकडेवारी समोर ठेवून २०२२मध्ये एक पुस्तक लिहिलं. हवामान, व्यसन, मनोविकार, बेकारी, सरकारी मदत असं एकेक कारण त्यांनी लावून पाहिलं. शहरागणिक बेघरांचं प्रमाण का बदलतं, याचं उत्तर त्यांना भाड्यात आणि रिकाम्या घरांच्या टंचाईत मिळालं. बाकीच्या कारणांनी तो फरक उलगडत नव्हता.

हे पटायला जड जातं, मलाही गेलं. रस्त्यात स्वतःशी मोठमोठ्याने बोलणारा माणूस दिसतो, कुणाच्या दंडावर सुया टोचल्याच्या खुणा दिसतात, तेव्हा कारण डोळ्यांसमोर आहे असंच वाटतं. मला यातली गाठ सुटली ती एसटी स्टँडच्या आठवणीने. गणपतीच्या दिवसांत गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडायला लागतात. पाच मिनिटांत गाडी भरते आणि दहा-पंधरा जण उभे राहतात. ते कोण असतात? ज्याचा गुडघा दुखतो तो म्हातारा, जिच्या कडेवर मूल आहे ती बाई, ज्याला खिडकीपर्यंत हात पोचवणारा कुणी सोबती नव्हता तो. तो म्हातारा उभा का राहिला, असं विचारलं तर गुडघ्यामुळे हे उत्तर खोटं नाही. पण दहा-पंधरा जण उभे का राहिले, याचं उत्तर गुडघ्यात सापडणार नाही. माणसांपेक्षा जागा कमी होत्या. एरवीच्या मंगळवारी त्याच गाडीत तो म्हातारा आरामात खिडकीशी बसून जातो. मिसिसिपीतही दारुडे आहेत, मनाने खचलेले आहेत, नोकरी गेलेले आहेत. पण त्यांना खोली मिळते, कारण ती स्वस्त आहे. श्रीमंत शहरात तोच माणूस आधी कोपऱ्यात ढकलला जातो आणि मग रस्त्यावर येतो. पैसा आला की चांगल्या पगाराचे लोक येतात, ते भाडं चढवतात आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. 'तरी' खटकला तो यामुळे. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२०मध्ये हिशेब मांडला, की एखाद्या भागातलं सर्वसाधारण भाडं १०० डॉलरने जास्त असेल, तर तिथे बेघरांचं प्रमाणही सुमारे ९ टक्क्यांनी जास्त आढळतं.

मग इतकी मागणी आहे, तर घरं का बांधली जात नाहीत? सॅन होजेचंच उदाहरण घ्या. या शहरातल्या निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमिनीवर अनेक दशकं फक्त स्वतंत्र, एका कुटुंबाचं घर बांधायची मुभा होती. दोन मजल्यांत चार बिऱ्हाडं राहतील अशी साधी इमारतही तिथे बेकायदा. ही पद्धत कॅलिफोर्नियातच बर्कली शहरात १९१६मध्ये सुरू झाली आणि १९२६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिल्यावर देशभर पसरली. तिच्या मुळाशी गोऱ्यांच्या वस्तीत काळे, चिनी, गरीब येऊ नयेत हा हेतूही होता. आज कारण वेगळं सांगतात: मोकळी हवा, पार्किंग, शाळा, घरांच्या किमती. नवी इमारत होऊ घातली की आसपासचे घरमालक नगरपालिकेच्या सभेत विरोधाला उभे राहतात. त्यांच्यात आता आपलेही लोक असतात. तीस वर्षं कर्ज फेडून घेतलेल्या घराची किंमत जपावीशी वाटणं मी समजू शकते. पण प्रत्येकाने आपापलं अंगण जपलं, आणि २०२१मध्ये राज्याने कायदा करून एका प्लॉटवर दोन घरांना परवानगी दिली, तोवर निम्म्या शतकाचं नुकसान होऊन गेलं होतं.

नवी घरं झाली नाहीत हा झाला अर्धा भाग. जुनी, स्वस्त घरं पाडली गेली, हा दुसरा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने पथारी टाकणारे गिरणी कामगार आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत, त्यांना अमेरिकेतली 'सिंगल रूम' हॉटेलं लगेच समजतील. एक पलंग, एक बेसिन, एक खिडकी. संडास आणि न्हाणीघर मजल्यावर सगळ्यांत मिळून. भाडं आठवड्याचं. खलाशी, हमाल, शेतमजूर, निवृत्त स्वयंपाकी, दारूपायी घर तुटलेले, डोकं ठिकाणावर नसलेले, असे एकटे लोक तिथे आयुष्य काढत. राहणी बकाल होती, पण दाराला कडी होती. १९५०नंतर शहरांच्या 'नूतनीकरणात' ही हॉटेलं पाडून कार्यालयं, पार्किंग, महागडे फ्लॅट उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये अशा एक लाखाहून जास्त खोल्या गेल्या.

सॅन फ्रान्सिस्कोत कर्नी रस्त्यावर 'इंटरनॅशनल हॉटेल' होतं. फिलिपिनो आणि चिनी म्हातारे तिथे राहत. बहुतेकांनी तरुणपणी कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि डबाबंद माशांच्या कारखान्यांत घाम गाळलेला. १९६८मध्ये मालकाने जागा रिकामी करायची नोटीस दिली, त्या जागी पार्किंगची इमारत बांधायची म्हणून. नऊ वर्षं लढा चालला. ४ ऑगस्ट १९७७च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांच्या फौजा आल्या. हजारो लोक हातात हात गुंफून इमारतीभोवती उभे होते. ते कडं तोडून पन्नासेक म्हाताऱ्यांना एकेक करून बाहेर काढण्यात आलं.

मनोरुग्णालयं बंद केली म्हणून वेडे रस्त्यावर आले, असं एक स्पष्टीकरण अमेरिकेत सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. सरकारी मनोरुग्णालयांत १९५५मध्ये साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. नवी औषधं आली, १९६३मध्ये केनेडींनी वस्तीपातळीवरच्या उपचार केंद्रांचा कायदा केला, रुग्णालयं रिकामी होत गेली आणि कबूल केलेली केंद्रं पुरेशी झालीच नाहीत. पण रुग्णालयं बहुतांशी रिकामी झाली ती साठ आणि सत्तरच्या दशकांत, आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांची गर्दी देशाला दिसायला लागली ती ऐंशीच्या दशकात. मधली वर्षं ही माणसं कुठे होती? पुष्कळशी त्याच एका खोलीच्या हॉटेलांत. त्या खोल्या गेल्या, आणि त्याच सुमारास रेगन सरकारने गरिबांच्या घरांसाठीच्या तरतुदीत मोठी कपात केली.

ती कपात आजही भरून निघालेली नाही. गरीब भाडेकरूला सरकार व्हाउचर देतं: उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं त्याने भरायचं, वरचं सरकारने. योजना चांगली आहे, पण जे पात्र आहेत त्यांच्यापैकी चौघांत एकालाच मदत मिळते. उरलेल्यांनी रांगेत थांबायचं. लॉस एंजेलिसने २०२२मध्ये पाच वर्षांनंतर प्रतीक्षायादी उघडली आणि ३० हजार नावं सोडतीने घेतली. आपल्याला म्हाडाची सोडत माहीत आहे. नाव लागलं की घर. इथे सोडत फक्त रांगेत उभं राहण्यासाठी होती. दुसरीकडे घरकर्ज घेणाऱ्याला व्याजावरची करसवलत मात्र रांग न लावता मिळते.

पगार आणि भाड्याचा मेळ कसा बसत नाही तेही बघा. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९पासून ताशी ७.२५ डॉलरवर थिजलेलं आहे. सॅन होजेने स्वतःचं किमान वेतन वाढवत नेलं. २०२४मध्ये ते ताशी १७.५५ डॉलर होतं. पूर्णवेळ काम केलं, तर कर कापण्याआधी महिन्याला तीन हजार डॉलरच्या थोडं वर. तिथे दोन बेडरूमच्या घराचं भाडंही तेव्हा जवळपास तेवढंच होतं. खोली घ्यायची तर घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट आगाऊ मागतो, भाड्याच्या तिप्पट उत्पन्नाचा पुरावा मागतो, पूर्वी कधी घर खाली करण्याचा दावा झाला होता का ते तपासतो. एकदा बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा आत येणं किती अवघड, हे यावरून कळेल. त्या बसमधला इस्त्रीचा शर्ट मला आठवतो तो हे आकडे वाचताना.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. मार्गो कुशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभरातल्या सुमारे ३,२०० बेघरांना गाठून प्रश्न विचारले. अहवाल २०२३मध्ये आला. गरम हवेसाठी देशभरातून बेघर कॅलिफोर्नियात येतात, ही समजूत त्याने खोडून काढली. दहांपैकी नऊ जणांचं घर कॅलिफोर्नियातच सुटलं होतं. चौघांपैकी तिघे त्याच जिल्ह्यात होते, जिथे ते शेवटचे घरात राहत होते. जवळजवळ निम्मे पन्नाशीच्या पुढचे. घर सुटण्याआधीच्या सहा महिन्यांत, उत्पन्नाच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या माणसाच्या कुटुंबाचं मासिक उत्पन्न होतं ९६० डॉलर. ज्यांच्या नावावर भाडेकरार होता त्यांना निघण्याआधी साधारणपणे दहा दिवसांची सूचना मिळाली होती, आणि जे कुणाच्या तरी घरात करार नसताना राहत होते त्यांना एका दिवसाची. महिना ३००-५०० डॉलरची मदत मिळाली असती तर घर टिकलं असतं, असं ७० टक्के लोक म्हणाले.

काळ्या लोकांचं प्रमाण अमेरिकेच्या लोकसंख्येत १२ टक्क्यांच्या आसपास, बेघरांत ३२ टक्के. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याची वेळ आली, तेव्हा ज्यांना पिढ्यान् पिढ्या फलाटावरच येऊ दिलं नव्हतं, ते हे. १९३४नंतर सरकारी हमीवर लाखो गोऱ्या कुटुंबांना घरकर्जं मिळाली आणि काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून वगळल्या गेल्या. आजोबांनी घर घेतलं असतं, तर अडीनडीला नातवाला तिथे एक खोली मिळाली असती.

यावर उपाय नाही असं मात्र नाही. माजी सैनिकांचं उदाहरण आहे. २०१०मध्ये सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर होते. २०२४मध्ये ३३ हजारांच्या आत. त्यांच्यासाठी वेगळी व्हाउचरं काढली, सोबत विचारपूस करणारा माणूस दिला, आणि वर्षानुवर्षं पैसा कमी पडू दिला नाही. आधी घर, मग व्यसनमुक्ती आणि उपचार, ही रीत सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. ह्यूस्टन शहराने तिच्या आधारे शंभरावर संस्थांना एका यादीवर काम करायला लावलं आणि २०११पासून बेघरांची संख्या ६० टक्क्यांहून जास्त खाली आणली. तिथे एक अनुकूल गोष्ट होती: ह्यूस्टनमध्ये जमीनवापराचे ते कडक नियम नाहीत, त्यामुळे भाड्याने द्यायला घरं शिल्लक होती.

वारं सध्या उलट वाहतं आहे. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या लहान गावाने सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला २९५ डॉलर दंड लावला होता. २८ जून २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाचा तो अधिकार मान्य केला. महिन्याभरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तंबू हटवण्याचे आदेश काढले. तंबू हटवताना माणसाचं ओळखपत्र, औषधं, फोन कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि घराचा अर्ज भरायला नेमकी तीच कागदपत्रं लागतात. लॉस एंजेलिस जिल्ह्यात अलीकडे दरवर्षी दोन हजारांहून जास्त बेघर माणसं मरतात. याच्या उलट, न्यूयॉर्कमध्ये मागेल त्या बेघर पुरुषाला निवारा देण्याचं बंधन शहरावर १९८१च्या न्यायालयीन तडजोडीने आलं. ज्या रॉबर्ट कॅलहन यांच्या नावाने तो खटला चालला, ते तडजोडीवर सह्या होण्याआधीच रस्त्यावर झोपेत मरण पावले होते.

कर्नी रस्त्यावरचं ते हॉटेल पुढे पाडलं गेलं. पार्किंगची इमारत काही झाली नाही. भर शहरात, कोट्यवधींच्या जागेवर, वर्षानुवर्षं एक खड्डा पडून होता. २००५मध्ये तिथे पंधरा मजली नवी इमारत झाली. तिच्यात गरीब वृद्धांसाठी १०४ घरं आहेत, आणि नाव तेच ठेवलं आहे, इंटरनॅशनल हॉटेल. मधे २८ वर्षं गेली.